चार रेस, दोनशे पहाटा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ४४ वर्षांचा, मुलुंडला राहतो, खासगी कंपनीत नोकरी. लॉकडाऊनमध्ये सायकल घेतली, १४ किलो वजन उतरलं. तीन वर्षांपासून हौशी रोड रेस करतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत बघायला गेलो आणि वेडच लागलं. फेब्रुवारीत एका रेसमध्ये शेवटचे दोन किलोमीटर उरले असताना पुढच्याने अचानक ब्रेक मारला, मी पडलो. डावं कॉलरबोन मोडलं, प्लेट बसवली. आता हाड जुळलंय, डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली आहे. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद, वॉटमध्ये) आधी २५२ होता, आता २४० पर्यंत परत आलाय. पत्नी म्हणते सायकल चालव, पण रेस बंद. तिला हा खेळ कळत नाही. पावसाळ्यानंतरच्या एका रेसची एंट्री मी भरली आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ८. वडिलांची ५६व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली होती. रेस सोडून द्यावी का? नसेल सोडायची तर पत्नीला कसं पटवू?

तुमचं मूळ पत्र मी दोनदा वाचलं. त्यात वॉट आहेत, हृदयाचे ठोके आहेत, प्लेटला किती स्क्रू लागले तेही आहे. पडल्यावर सायकल किती फूट घसरत गेली ते आहे. मात्र त्या सकाळी घरी फोन कोणी केला, तो घेतला तेव्हा तुमची पत्नी काय करत होती, ती हॉस्पिटलपर्यंत कशी पोचली, यातलं एक अक्षरही नाही. ठपका ठेवायचा म्हणून हे सांगत नाही. पण "तिला हा खेळ कळत नाही" हे वाक्य त्यामुळे मला तसंच्या तसं स्वीकारता येत नाही. या खेळाची एक बाजू तिने बघितली आहे, जी तुम्ही बघितलेली नाही. त्याकडे नंतर येते.

आधी धोक्याचा हिशेब करू. तुमच्यात वाद चाललाय, तरी एका बाबतीत दोघांचं एकमत आहे: धोका रेसमध्ये, बाकीचं सायकलिंग तब्येतीसाठी. तुम्ही वर्षाला चार रेस करता. आणि सराव? आठवड्यातले चार दिवस, म्हणजे वर्षाला दोनशे पहाटा. पावणेपाचला मुलुंडहून निघायचं, ऐरोलीचा पूल ओलांडायचा, पाम बीचने बेलापूरपर्यंत जायचं, सव्वासातच्या आत घरी. जानेवारीत मुंबईत सूर्यच सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे थंडीच्या दिवसांत, जो रेसचाही मोसम, तुमचा जवळजवळ सगळा सराव अंधारात होतो. त्या वेळी रस्त्यावर कोण असतं? रात्रभर गाडी चालवून डोळे जड झालेला टॅक्सीवाला, विमान गाठायला निघालेली गाडी, रस्ता मोकळा दिसला म्हणून सुसाट सुटलेला टेम्पो. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी याच पाम बीच रोडवर मित्रांसोबत सायकल चालवताना कॅबच्या धडकेत गेले. ६८ वर्षांचे होते. ती काही रेस नव्हती.

आपल्या शहराची अडचणही यात आहेच. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, सगळीकडे सायकलला बंदी. उरतात ते ट्रक-कंटेनरचे हायवे, नाहीतर पावलापावलावर सिग्नल असलेले रस्ते. त्यांच्यावर तुम्ही इंटरव्हल मारता, म्हणजे पाच-पाच मिनिटं डोकं खाली आणि नजर हँडलवरच्या आकड्यावर. स्ट्राव्हा ॲपवर सेगमेंट (वेळेची चढाओढ चालते तो रस्त्याचा तुकडा) आहे म्हणून पिवळ्या सिग्नलला रेटता. (हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण पाम बीचवर मी इतक्यांदा बघितलंय, म्हणून विचारते: रेटता ना?)

म्हणून "सायकल चालव, पण रेस बंद" या तोडग्याने पत्नीची भीती कमी होईल, धोका फारसा कमी होणार नाही. रेस निर्धोक असते असं मी म्हणत नाही. तासाला तास लावून बघितलं तर पडायची शक्यता रेसमध्येच जास्त. पण तिथे बहुतेकदा कातडी सोलवटते, मनगट जातं, कॉलरबोन जातं. गाडीखाली येण्याचा धोका दोनशे पहाटांवर पसरलेला असतो, रोज थोडा थोडा, त्यामुळे तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तेव्हा पहिली दुरुस्ती तिथे. जोर लावायचे सगळे व्यायाम घरात ट्रेनरवर करा. महागडा स्मार्ट ट्रेनर नको, मागच्या चाकाला रोलर लागणारा साधा चालतो. खाली जाड रबरी चटई घाला, खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा आणि पंखा अगदी तोंडासमोर लावा, नाहीतर आपल्या दमट हवेत वीस मिनिटांत उकडून निघाल. बाहेरची राइड आठवड्यातून एक, फार तर दोन, तीही उजाडल्यावर आणि चार-पाच जणांबरोबर. चढ हवा असेल तर येऊर तुम्हाला लांब नाही; चढा मनसोक्त, उतरा सावकाश. मागचा लाल दिवा दिवसाढवळ्याही चालू ठेवा. रिफ्लेक्टरची पट्टी घोट्यांना बांधा, कारण पाठीवरच्या जॅकेटपेक्षा वर-खाली होणारे पाय ड्रायव्हरच्या नजरेत लवकर भरतात. सेगमेंटचा नाद सोडा, हे तर सांगायलाच नको.

आता तुमच्या पडण्याबद्दल. "पुढच्याने अचानक ब्रेक मारला." रेसमध्ये पडलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगतो. पण तुमच्याच पत्रात दोन ओळी पुढे आहे की तुम्ही त्याच्या उजव्या अंगाने वर सरकत होतात. म्हणजे तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी येऊन ठेपलं होतं. त्याने ब्रेक मारलाच नसता, नुसता वीतभर उजवीकडे आला असता, तरी तुम्ही पडला असता. चाकाला चाक घासलं की पुढचा बहुतेक वेळा सावरतो, त्याचं मागचं चाक नुसतं ढकललं जातं. मागच्याचं मात्र हँडलच अडकतं, तोल सावरायला त्याच्याकडे काही उरत नाही. ग्रुपमधला जुना नियम त्यातूनच आला: आपलं पुढचं चाक ही आपली जबाबदारी.

४० च्या वेगाला सायकल सेकंदाला ११ मीटर जाते, आणि पुढच्याचं चाक असतं अर्ध्या मीटरवर. त्याचा ब्रेक बघून आपला ब्रेक दाबायला वेळच नसतो. म्हणून त्या चाकाकडे टक लावून बघायचंच नाही; त्याच्या खांद्यावरून तीन-चार जणांच्या पुढे काय चाललंय ते बघायचं. मग लोक एवढे चिकटून जातात कशाला? वाऱ्यासाठी. सपाटीवर त्या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि वेग दुप्पट करायचा तर हवेपायी आठपट ताकद लागते. कुणाच्या तरी मागे लागलं की पाव ते तृतीयांश मेहनत वाचते. हा खेळ उभा आहे तो याच जोरावर, आणि त्यातली पाडापाडीही याचमुळे.

तुमच्यासारखे जे लॉकडाऊनमध्ये तयार झाले, त्यांचे पाय घरात, एकट्याने, ॲपसमोर तयार झाले. हात तयार व्हायचे राहून गेले. आधीचे सायकलपटू तालुक्याच्या रेसमध्ये कोपराला कोपर घासत मोठे झाले. त्यांना वॉट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण ते सहसा पडत नसत. हात तयार करायला एक मैदान पुरतं. रविवारी क्रिकेटवाले यायच्या आत गवतावर जा. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट नकोत, साधे बूट, साधे पेडल. दोघांनी शेजारी शेजारी, चालण्याच्या वेगाने सायकल चालवायची. आधी कोपराला कोपर टेकवा, मग खांद्याला खांदा. मग मागच्याने मुद्दाम आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला हलकंसं घासायचं आणि उभं राहायचं. गवतावर दोन-चार वेळा पडाल, काही होत नाही. पाण्याची बाटली जमिनीवर ठेवून चालत्या सायकलवरून उचलून बघा. असे दहा रविवार घातले की धक्का लागला म्हणून अंग आखडायची सवय मोडते. तुमचे हरवलेले १२ वॉट यात कुठेच येत नाहीत.

रेसमधून काय मिळतं, यावर तुम्ही वजन, साखर आणि झोप असं लिहिलंय. हे सगळं तुम्हाला सायकलने दिलं. आठवड्याला चार-पाच तास आरामात चालवली असतीत तरी दिलं असतं. घरी "तब्येतीसाठी रेस करतो" म्हणाल तर पत्नी विचारेल, की खांद्यात प्लेट ही कसली तब्येत, आणि तिचं बरोबर असेल. मला खरं उत्तर तुमच्या तिसऱ्या पानाच्या तळाशी सापडलं: "शंभर चेनचा एकत्र आवाज येतो ना, त्यात पाऊण तास मी कुणाचाच कोणी नव्हतो."

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. मी पंधरा वर्षं रेस केल्या आहेत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत 'घाटाचा राजा' ज्या बोर घाटात ठरतो, तिथे एकदा सरावाला सोबतच्या मुलीचं चाक माझ्यापासून दोन फूट पुढे सरकलं. पायात काही उरलेलं नव्हतं. तरी ते दोन फूट मी भरून काढले, कसे ते आजही सांगता यायचं नाही. बघायला कुणी नव्हतं, नंबरही नव्हता. ते दोन फूट मला मिळालेल्या कपांपेक्षा जास्त आठवतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी ऑफिसात आपण कुठवर जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, आपल्यालाही. रेसच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये ते ठाऊक नसतं. तेवढ्यासाठी माणूस शंभर किलोमीटर जाऊन सव्विसावा येतो, आणि यात मला काहीही वावगं वाटत नाही. घरी हे सांगा. तब्येतीची सबब पुढे करू नका.

तब्येतीचं निघालंच आहे तर वडिलांबद्दल. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं. पस्तिशी उलटलेल्या हौशी खेळाडूला व्यायामात अचानक काही झालं, तर त्यामागे बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा असतो, आणि आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो. ऑफिसच्या वार्षिक तपासणीवर भागवू नका. हृदयरोगतज्ज्ञाकडे जा, वडिलांचं सांगा, रेसमध्ये ठोके किती चढतात ते आकड्यानिशी सांगा, आणि कोणत्या तपासण्या करायच्या ते त्यांना ठरवू द्या. छातीत जडपणा, जबड्यात किंवा हातात कळ, रोजच्या चढाला नेहमीपेक्षा जास्त दम, गरगरणं, यातलं काहीही झालं तर सायकल बाजूला घ्या आणि १०८ लावा. ताप अंगात असताना रेस करायची नाही.

रेस म्हटली की ग्रुपचीच असं थोडंच आहे? टाइम ट्रायलमध्ये एकेक जण सुटतो, मागे लागायला मनाईच असते, त्यामुळे चाकाला चाक लागायचा प्रश्न नाही. हिल क्लाइंबमध्ये पंधराच्या वेगाला जीव जातो, पण पडलात तर गुडघा खरचटेल एवढंच. काही जण तुम्हाला "रेस नको, बीआरएम कर" म्हणतील, म्हणजे लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायची राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, नंबर नाही, फार सुंदर प्रकार आहे. पण ३०० पासून पुढे रात्र लागते, हायवे उघडा असतो आणि डोकं झोपेला आलेलं असतं. रेस हा शब्द नसल्यामुळे घरच्यांना तो सुरक्षित वाटतो. तुमच्या पत्नीची काळजी त्याने मिटणार असेल तर तिला आधी हे सगळं सांगा.

माझं मत विचाराल तर यंदाचा मोसम टाइम ट्रायल आणि हिल क्लाइंबवर काढा, दहा रविवार मैदानावर घाला, ग्रुपची रेस पुढच्या वर्षी. भरलेल्या एंट्रीचे पैसे बुडाले तर बुडू द्या. आणि नाहीच राहवलं, तर शेवटचे तीन किलोमीटर उरले की हात वर न करता, वेग हळूहळू सोडत मागे या. पहिल्या दहात यायची शक्यता नसलेल्या माणसाने स्प्रिंटच्या गर्दीत असायचं काही कारण नाही. तुम्ही पडलात तेही तिथेच.

रेस निवडताना आयोजकांना फोन करून विचारा. समोरून येणारी वाहतूक बंद आहे का, की नुसते शंकूच ठेवलेत? पुण्याला तुम्ही बघितलेला रस्ता पूर्ण बंद होता. आपल्या हौशी रेसमध्ये तसा क्वचितच मिळतो. फिनिशच्या आधी वळण किंवा स्पीडब्रेकर आहे का? अँब्युलन्स किती, आणि एक पडलेल्याला घेऊन गेली तर दुसरी आहे का? सगळ्यांच्या शेवटी गाडी असते का, आणि न पोचलेल्यांची मोजणी कोण करतं? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये झ्युरिकला, जागतिक स्पर्धेत, अठरा वर्षांची म्युरिएल फुरर उतारावर रस्ता सोडून झाडीत गेली आणि रेस चालू असताना बराच वेळ कुणाला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी ती गेली. एवढ्या मोठ्या स्पर्धेत हे होतं. फोनवर ज्याला उत्तरं देता येत नाहीत, त्याच्या रेसला जाऊ नका.

बिबच्या, म्हणजे जर्सीवर लावायच्या नंबरच्या, मागे रक्तगट आणि घरचा नंबर लिहायला जागा असते. ती भरा. काही वर्षांपूर्वी मी एका रेसला फिनिशच्या अलीकडच्या वळणावर मार्शल होते. एक रायडर पडला, शुद्धीवर होता, पण बोलताना शब्द इकडचे तिकडे होत होते. बिबची मागची बाजू कोरी. फोनला लॉक. मी त्याच्या हातमोज्यातून अंगठा बाहेर काढला, घाम आणि रक्त जर्सीलाच पुसलं आणि फोनवर टेकवला. दोनदा उघडला नाही, तिसऱ्यांदा उघडला. वरच 'घर' लिहिलेला नंबर होता. लावला. त्याचंच नाव बघून पलीकडून बाई म्हणाल्या, "निघालास का? इडल्या लावू?"

मी कोण, हे सांगायला मला शब्द सापडेनात. त्या वेळी मागे कुकरची शिट्टी झाली, ती मला अजून ऐकू येते. तो माणूस महिन्याभरात बरा झाला.

दोन-तीन कामं लगेच उरकून टाका. पडलात तेव्हा घातलेलं हेल्मेट, तडा दिसत नसला तरी, टाकून द्या. आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा तसाच काम करत नाही. व्यावसायिक रायडरही एके काळी हेल्मेट टाळायचे. २००३ च्या पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रे किविलेव्ह त्याविना पडून गेला, तेव्हा कुठे ते सक्तीचं झालं. सायकलचा फोर्क आणि हँडल कार्बनचं असेल तर जाणत्या मेकॅनिककडून सुटं करून तपासून घ्या. आरोग्य आणि अपघात विम्याची दोन्ही कागदपत्रं काढून, काय वगळलंय त्या यादीत शर्यत किंवा स्पर्धा असा शब्द आहे का ते बघा. असेल तर कंपनीकडून लेखी खुलासा मागवा. आणि सर्जनला पुन्हा एकदा भेटा. "सायकल चालवू का?" हे तुम्ही विचारलंत. "आत प्लेट असताना पुन्हा याच खांद्यावर पडलो तर काय होईल?" हे विचारायचं राहिलंय.

राहता राहिली एंट्री. ती भरल्याचं आजच सांगा, कारण रेसच्या दिवशी ते बाहेर आलं तर पुढची दहा वर्षं "ग्रुप राइडला चाललोय" या वाक्यावर घरात कुणी विश्वास ठेवणार नाही. "पटवू" हा शब्द डोक्यातून काढा. तिच्या काही अटी असतील: उजाडायच्या आत बाहेर नाही, लाइव्ह लोकेशन चालू, वर्षातल्या दोनच रेस, डॉक्टरांकडे ती सोबत येणार. बहुतेक तुम्हाला परवडतील अशाच असतील, आणि रागाने ऐकल्या नाहीत तर त्यातल्या निम्म्या मी वर सांगितलेल्याच निघतील.

मुलं झोपली की बसा. एंट्रीचं सांगून झालं की फेब्रुवारीतल्या त्या सकाळी फोन आला तेव्हा ती कुठे होती, हे तिला विचारा. ती सांगेल तेवढा वेळ मध्ये बोलू नका. पुढच्याने ब्रेक मारला होता, हेसुद्धा सांगू नका.